तलवारीचे डाव आणि फाशांचे नियम: ‘मी वार करतो’च्या पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या भूमिकांच्या खेळात, फायटर (लढवय्या) घेतला, तिसऱ्या लेव्हलला तो बॅटल मास्टर (डावपेचांत तरबेज फायटर) झाला आणि समोर मॅन्युव्हरची, म्हणजे डावांची, भलीमोठी यादी आली. फेंट (हूल), रिपोस्ट (पलटवार), पॅरी (अडवणं), ट्रिप (पाडणं), डिसार्म (शस्त्र हातातून पाडणं). नावं एकाहून एक भारी, पण टेबलावर दर पाळीला तोंडातून निघतं तेच, ‘मी वार करतो’. नाहीतर घाईघाईत सगळे डाइस, म्हणजे डावांसाठीचे मोजके जास्तीचे फासे, पहिल्याच मारामारीत उडून जातात. यातलं काय कधी वापरायचं? आणि खऱ्या तलवारबाजीशी याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, पण तो नावांत शोधायला गेलात तर फसाल. मी बरीच वर्षं गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून टेबल चालवतोय, मधल्या काळात दोन हातांच्या लाँगस्वर्डचा सरावही केलाय. त्या भरवशावर सांगतो: कुठलाही डाव वाचताना डॅमेज, म्हणजे इजा, किती वाढतं हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की तो जाहीर कधी करायचा. फासा टाकण्याआधी, टाकल्यावर, वार लागल्यावर, की समोरच्याच्या पाळीत? खरी तलवारबाजी जवळजवळ सगळी वेळेवर चालते. नियम लिहिणाऱ्यांनी त्यातलं बरंच काही सोडून दिलं असलं, तरी ही वेळ मात्र त्या एका ओळीत शाबूत ठेवली आहे.

त्याआधी एक लहानसा हिशोब. एकदा फासा टाकला म्हणजे गोष्टीतला किती वेळ गेला? ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या आवृत्तीत एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, अख्ख्या मिनिटाचा होता. मिनिटभरात दोन तलवारबाज कितीतरी वेळा जवळ येतील, हुलकावण्या देतील, वार अडवतील, मागे सरतील. त्या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे तो एक वीस बाजूंचा फासा. तेव्हा कोणी ‘मी हूल देतो’ म्हणालं, तर ‘ती तुझ्या फाशात धरलेलीच आहे’ हे गेम मास्टरचं उत्तर रास्त होतं. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत राउंड सहा सेकंदांचा झाला आणि आजही तेवढाच आहे. स्टीव्ह जॅक्सन यांच्या गर्प्स या दुसऱ्या भूमिकांच्या खेळात तर 1986 पासून एक पाळी म्हणजे एक सेकंद. पाळीचा वेळ जितका आखडतो, तितक्या पात्याच्या एकेका हालचालीला स्वतंत्र नियम लागतात. म्हणून एका खेळातला डाव दुसऱ्यात तसाच उचलून नेला की तो विचित्र वागतो. दोष डावाचा नसतो, मधलं घड्याळच बदललेलं असतं.

आता तुमच्या बॅटल मास्टरकडे येऊ. तिसऱ्या लेव्हलला तुमच्याकडे आठ बाजूंचे चार सुपिरिऑरिटी डाइस असतात आणि ते शॉर्ट रेस्टनंतर, म्हणजे छोट्या विश्रांतीनंतर, परत मिळतात. 2014 च्या नियमपुस्तकातल्या 16 मॅन्युव्हरपैकी तीन तुम्ही निवडता. म्हणजे एका मारामारीत डाव असे चारच. प्रत्येक डाइसला काय मिळतं ते एकदा मांडून बघू.

समजा ताकदीचा बोनस +3, प्रोफिशियन्सी (कसबाचा बोनस) +2, हातात लाँगस्वर्ड आणि समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, 15. फाशावर 10 किंवा जास्त पडलं तर वार लागतो, म्हणजे 55 टक्के शक्यता. फेंटिंग अटॅकला बोनस ॲक्शन (पाळीतली जास्तीची छोटी कृती) आणि एक डाइस खर्चून ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून चांगला तो धरायचा. शक्यता जवळपास 80 टक्क्यांवर जाते आणि लागलाच तर डाइसही डॅमेजमध्ये मिळतो. क्रिटिकल (फाशावर 20 पडला की डॅमेजचे फासे दुप्पट) धरून साध्या वारापेक्षा सरासरी साधारण 6 डॅमेज जास्त. वाईट नाही. फक्त पैसे आधी मोजले आहेत. दोन्ही फासे वाईट पडले तर हूलही गेली, डाइसही गेला.

प्रिसिजन अटॅक दिसायला नीरस आहे. फासा पडल्यावर आपला डाइस त्यात मिळवायचा, बस. पण तो तुम्ही आकडा बघून वापरता. थोडक्यात हुकलेल्या वारांवरच, म्हणजे फाशावर 6 ते 9 पडलं असेल तेव्हाच वापरलात, तर दर पाच डाइसमागे चार वार वाचतात. लाँगस्वर्डवर त्याचीही सरासरी कमाई 6 च येते. मग फरक काय राहिला? एक तर बोनस ॲक्शन तुमच्याकडेच राहते, आणि फायटरचा सेकंड विंड, म्हणजे स्वतःला सावरणं, तिच्यावरच चालतो. दुसरं, हातात ग्रेटस्वर्ड असेल तर प्रिसिजनची कमाई 8 वर जाते आणि फेंटची 7 च्या अलीकडेच थांबते, कारण प्रिसिजन अख्खा वार वाचवतो आणि वार जितका जड तितकी ती वाचवणूक मोठी. आर्मर क्लास नेमका माहीत नसतो हे खरं. पण दोन-तीन वारांनंतर तो एकदोन आकड्यांच्या अंतरात ओळखता येतो. टेबलावर कान उघडे ठेवा. दुसऱ्याचा 14 हुकला आणि 16 लागला, की तुमचं काम झालं.

ट्रिप, पुशिंग (ढकलणं), मेनेसिंग (धाक बसवणं), डिसार्म हे सगळे वार लागल्यावर जाहीर करायचे डाव. त्यात डाइस कधीच फुकट जात नाही, निदान त्याचं डॅमेज तरी पदरात पडतं. आणि बरेच जण विसरतात ते हे: फाशावर 20 पडलेला दिसल्यावर जाहीर केलात तर तो डाइसही दुप्पट होतो. म्हणून माझा एक साधा दंडक आहे. एक डाइस शिल्लक ठेवायचा तो 20 साठी.

रिपोस्टवर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण खेळ आणि खरी तलवार इथे एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात.

नियम असा: समोरच्याचा जवळून केलेला वार हुकला की तुम्ही रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) आणि एक डाइस खर्चून लगेच पलटवार करता. वरच्याच आकड्यांनी हिशोब केला तर हा एक डाइस सरासरी 7 डॅमेज देतो, कारण तो अख्खा एक जास्तीचा वार आहे. पण तो मिळण्यासाठी समोरच्याने हुकायला हवं. चेनमेल (कड्यांचं चिलखत) आणि ढाल घेतलेल्या फायटरचा आर्मर क्लास 18. +5 ने वार करणारा त्याच्यावर 60 टक्के वेळा हुकतो. 2024 च्या नियमांत याला एक सुंदर जोड मिळाली आहे. फायटरला वेपन मास्टरी (शस्त्रागणिक खास करामत) मिळते आणि लाँगस्वर्डची मास्टरी आहे सॅप: वार लागला की त्या शत्रूच्या पुढच्या वाराला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला वाईट तो धरायचा. आता तोच 60 टक्क्यांवर हुकणारा 84 टक्के वेळा हुकतो. म्हणजे तुमच्या पाळीत वार लागला, त्याने सॅप बसला, त्याच्या पाळीत तो हुकला, तुमचा पलटवार गेला, तोही लागला तर सॅप पुन्हा बसला. त्याचे एका पाळीत दोन वार असतील तर दुसराही अडखळला. एका डाइसमध्ये हे सगळं.

हे नुसतं आकड्यांचं जुळणं नाही. समोरच्याच्या पात्यावर ठोका देऊन त्याचं टोक रेषेतून हटवायचं, त्याला घाईत, वाकड्या कोनातून वार करायला लावायचं, आणि तो वार अडवून त्याच हातासरशी परत द्यायचा, ही तलवारबाजीची नेहमीची साखळी आहे. पलटवार जमतो तो हात विजेसारखा चालतो म्हणून नव्हे. समोरचा कुठून येणार हे आपणच ठरवून ठेवलेलं असतं म्हणून जमतो.

खर्च विसरू नका. रिॲक्शन राउंडला एकच. रिपोस्ट केलात की तुमची पुढची पाळी येईपर्यंत कोणी तुमच्या बाजूने निसटून मागच्या जादूगाराकडे धावला, तरी अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निसटणाऱ्यावरचा आयता वार, मिळणार नाही. अरुंद वाटेत दार अडवून उभे असाल तर रिपोस्टचा मोह आवरा. मोकळ्यावर एकास एक असाल तर बिनधास्त करा.

पॅरीबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही. वार लागल्यावर रिॲक्शन देऊन त्याचं डॅमेज डाइसएवढं, वर क्षमतेच्या बोनसएवढं कमी करायचं. 2014 च्या नियमांत हा बोनस फक्त डेक्स्टॅरिटीचा, म्हणजे चपळाईचा. जड चिलखतातला, डेक्स्टॅरिटी 10 असलेला फायटर सरासरी साडेचार पॉइंट वाचवतो. ऑग्र या दांडग्या राक्षसाचा सोटा सरासरी 13 चा बसतो, त्यातला तिसराच भाग. हलक्या चिलखतातल्या, रेपियर (सडपातळ, टोचायची तलवार) घेतलेल्या फायटरचं गणित वेगळं निघतं, त्याने जरूर घ्यावा.

इथे खेळाचा एक मोठा आडाखा उघडा पडतो. आधी तो, मग मी. आधी अडवणं, मग परतवार. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळाला दुसरं काही सोपं जात नाही. पण जुन्या युरोपी लाँगस्वर्डच्या परंपरेत, योहानेस लिख्टेनाउअर या 14व्या शतकातल्या गुरूच्या नावाने जी शिकवण चालते तिच्यात, वेळेचे तीन भाग केले आहेत: आधी, नंतर आणि त्याच क्षणी. सगळी कमाई तिसऱ्यात आहे. वरून तिरपा येणारा वार नुसता अडवायचा नाही, आपणही तिरपाच वार घालायचा. तो असा की आपलं पातं त्याच्या पात्याची वाट बंद करतं आणि त्याच हालचालीत टोक त्याच्या चेहऱ्याकडे वळतं. अडवणं आणि मारणं एकच. पाती एकमेकांना टेकली की पुढचं सगळं हाताला लागणाऱ्या दाबावर ठरतं. तो जोर लावतोय? सोडून दुसऱ्या बाजूने जा. ढिला आहे? सरळ आत शिरा. सरावात माझं सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी अडायचं. डोळ्यांनी ठरवायला जाल तर उशीर झालेला असतो.

याला बाजारातल्या बहुतेक खेळांत नियमच नाही, आणि माझ्या मते नसला तरी चालतं. वर्णनात आणा. तुमचा वार दोन आकड्यांनी हुकला, तर ‘हुकला’ म्हणून सोडू नका. ‘पाती अडकली, त्याने रेटून तुझं पातं खाली दाबलं’ म्हणा. नियम तोच राहतो, आणि खेळाडूला पुढच्या पाळीला प्रिसिजन वापरायचं कारण मिळतं.

ट्रिपचं गणित पाळ्यांच्या क्रमावर आहे. आडवा पडलेला शत्रू स्वतः डिसॲडव्हान्टेजने वार करतो, आणि पाच फुटांतून त्याच्यावर वार करणाऱ्याला ॲडव्हान्टेज मिळतो. पण लांबून बाण मारणाऱ्याला उलट डिसॲडव्हान्टेज. तुमच्या टोळीत दोन धनुर्धारी असतील तर ते तुम्हाला शिव्या घालतील, आणि घालाव्यातच. शिवाय तो आपल्या पाळीत निम्मी चाल खर्चून उठतो. तुमच्यानंतर लगेच त्याचीच पाळी असेल, तर डाइसच्या डॅमेजपलीकडे फार काही हाती लागत नाही. तुमच्यानंतर तुमच्या टोळीतला बार्बेरियन (रानटी योद्धा), मग रोग (Rogue, चोरट्या वारांचा गडी), मग तो शत्रू, असा क्रम असेल तर ट्रिपसारखा डाव नाही. आणखी पुढे जायचं तर पाडल्यावर कोणीतरी त्याला धरून ठेवावं. धरलेल्याची चाल शून्य होते, आणि चालच नाही तर उठायला निम्मी आणायची कुठून?

डिसार्म ऐकायला सगळ्यात देखणा, आणि नुसता केला तर सगळ्यात पोकळ. शस्त्र पडतं ते त्याच्याच पायाशी. त्याच्या पाळीत तो वाकून फुकटात उचलतो आणि त्याच शस्त्राने तुम्हाला मारतो. उपयोग तेव्हाच, जेव्हा ते शस्त्र त्याच्याआधी कोणीतरी उचललं. तुमच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, म्हणजे ते तुम्ही नव्हे. मोकळ्या हाताचा साथीदार तुमच्या आणि त्याच्या पाळीच्या मध्ये असेल, तर मात्र डिसार्मने अख्खी मारामारी फिरते. पायाने दूर ढकलता येईल का, हे गेम मास्टरला आधीच विचारून ठेवा. मी एक चाल मोजून देतो, सगळेच देतात असं नाही.

आता दुसऱ्या खेळांकडे थोडं बघू, कारण तेच डाव तिथे वेगळ्या किमतीला मिळतात आणि त्यातून आपले जास्त नीट कळतात.

2019 च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत पाळीला तीन ॲक्शन असतात. त्याच पाळीतल्या दुसऱ्या वाराला −5, तिसऱ्याला −10. तरीही नवे खेळाडू तीनदा वार करतात. तिसऱ्या वाराऐवजी ढाल उचलणं किंवा एक पाऊल मागे घेणं जवळपास नेहमीच बरं. तिथे हूल ही एक ॲक्शन आहे, ती वारांच्या त्या दंडात मोजली जात नाही, आणि साधली तर समोरचा पुढच्या वारापुरता बेसावध, म्हणजे आर्मर क्लास −2. पण तुम्ही आणि साथीदार दोन्ही बाजूंनी त्याला घेरून उभे असाल तर तो आधीच बेसावध आहे. दोन्हींचा परिणाम एकावर एक चढत नाही, त्यामुळे हूल फुकट. पाडणं मात्र तिथे भलतंच जोरकस आहे, कारण उठायला त्याची तीनातली एक ॲक्शन जाते.

गर्प्समध्ये वार लागला तरी समोरच्याला बचावाचा फासा मिळतो: अडवणं, ढालीवर घेणं किंवा चुकवणं. म्हणून तिथे खरी लढाई बचाव मोडण्याची. त्यासाठीचं हत्यार म्हणजे डिसेप्टिव्ह अटॅक. स्वतःच्या कौशल्यातून दर −2 ला समोरच्याच्या बचावातून −1. किती घ्यावं? समजा तुमचं कौशल्य 16 आणि त्याचं अडवणं 9. साधा वार क्रिटिकल धरून सुमारे 65 टक्के वेळा पोचतो. −2 घेतलं तर 68. −4 घेतलं तर 62, म्हणजे साध्यापेक्षाही खाली. आता त्याचं अडवणं 13 असेल तर साधा वार 24 टक्केच पोचतो आणि −4 चा 29. कसलेल्या माणसापुढे फसवणूक खोल लागते, कच्च्यापुढे ती आपलाच तोल घालवते. सरावातही हेच दिसतं. नवशिक्याला बारीक हूल दिली तर ती त्याला दिसतच नाही, आणि तो आपला सरळ वार घालून मोकळा होतो.

गर्प्सचीच आणखी एक गोष्ट: एकाच पाळीत त्याच हाताने दुसऱ्यांदा अडवायचं तर −4, फेन्सिंगच्या हलक्या शस्त्राने −2. दोघांनी मिळून एकावर जाणं ही तिथली सगळ्यात स्वस्त हूल.

‘त्याच क्षणी’ची चव नियमांतूनच हवी असेल तर दोन खेळ सांगतो, दोन्ही 2002 चे. द रिडल ऑफ स्टील लिहिणारे जेक नॉरवुड स्वतः जुन्या युरोपी तलवारीचे अभ्यासक. त्यात फाशांचा एक साठा असतो आणि तो तुम्हीच हल्ला व बचाव यांत वाटायचा. सुरुवातीला दोघांनीही एकदम लाल किंवा पांढरा फासा दाखवायचा, लाल म्हणजे हल्ला. दोघांनीही लाल दाखवला की टेबलावर सगळे श्वास रोखतात. बर्निंग व्हीलमध्ये पुढच्या चाली आधी गुपचूप लिहून ठेवायच्या आणि मग एकेक उघडायच्या. दोन्ही थरारक, पण दोघांपलीकडे माणसं वाढली की वेळ फार खातात. सहा गॉब्लिनांच्या झटापटीसाठी मी ते कधी काढणार नाही.

शेवटी तुमची निवड. तिसऱ्या लेव्हलला तीनच घ्यायचे तर प्रिसिजन, रिपोस्ट, ट्रिप. एक फासा पडल्यावर, एक त्याच्या पाळीत, एक वार लागल्यावर. तिन्ही वेळा भरलेल्या राहतात आणि कुठल्याही क्षणी हातात काहीतरी असतं. सातव्या लेव्हलला आणखी दोन मिळतील, तेव्हा पुशिंगकडे बघा. 15 फूट मागे ढकलणं सपाट मैदानात किरकोळ वाटतं, पुलावर किंवा कड्याजवळ तसं वाटत नाही. डिसार्म घ्यायचाच असेल, तर आधी टोळीत कोणाचा हात मोकळा असतो ते बघून घ्या.